वेदनेची साक्ष

शरीर हा मनाचा दास आहे कीं सहचर, हा वाद फार जुना आहे. आणि तत्त्वज्ञांच्या बैठकींत तो कधीं मिटेल असें दिसत नाहीं. परंतु तोच वाद हल्लीं पहांटेच्या वेळीं आपल्या शहरांतील रस्त्यांवर नव्यानें उभा राहिला आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं व मुंबईची २००४ सालीं सुरू झाली; आतां पन्नाशी गांठलेलीं सभ्य माणसेंहि धांवावयास शिकतांना दिसतात. त्यांतील कित्येकांच्या तळव्याची कमान थोड्याच दिवसांत दुखूं लागते, आणि प्रश्न येतो: या वेदनेचें ऐकावें, कीं तिला जिंकावें? प्रश्न पायाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. एका पावलांत सव्वीस हाडें असून तीं कमानीच्या आकारांत बांधलेलीं असतात. टांचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. डॉक्टर त्यास प्लांटार फॅशिया म्हणतात. दगडी कमान भाराखालीं अचल राहते. पायाची कमान किंचित् दबते व भार उतरतांच पुन्हां उचलली जाते. धांवतांना तर प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. नवशिक्याचें हृदय व स्नायू कांहीं आठवड्यांतच या श्रमांस सरावतात. हा पट्टा मात्र फार सावकाश बळावतो. दम लागेनासा झाला कीं उत्साह म्हणतो, आणखी दोन मैल. आणि ज्याच्या जिवावर ते दोन मैल धांवावयाचे, त्याला कोणीं विचारलेलेंच नसतें. कमानीच्या दुखण्याचें एक मोठें मूळ या अन्यायांत आहे.

यावर करारी मनुष्य म्हणतो कीं, दुःखाला भीक घालणें हा दुबळेपणा होय. त्याच्या पाठीशीं थोर नांवें आहेत. एपिक्टेटस हा तत्त्ववेत्ता पायानें अधू होता, आणि शरीराचें व्यंग इच्छाशक्तीला बाधत नाहीं असें तो शिकवी. या शिकवणुकीपुढें आम्ही नम्र आहों. परंतु आपल्या हातीं असलेल्या व नसलेल्या गोष्टी वेगळ्या करा, हेंहि त्यानेंच सांगितलें. अधूपणा त्याच्या हातीं नव्हता. उद्यां किती धांवावयाचें, हें आपल्या हातीं आहे. जें टाळतां येत नाहीं, किंवा टाळल्यास कर्तव्य बुडतें, तें सोसणें हें धैर्य. ज्यांत कोणाचेंच हित नाहीं तें ओढवून घेऊन सोसणें हा हट्ट. दोघांचा चेहरा सारखा, म्हणूनच फसगत होते. १९६० सालीं रोम येथें अबेबे बिकिला अनवाणी धांवून जिंकला, हें हौशी लोक वारंवार सांगतात. त्याला अनवाणी धांवण्याचा सराव आधींच होता, आणि १९६४ सालीं तोक्यो येथें तोच बूट घालून जिंकला, हें मात्र सांगत नाहींत.

उलट पक्षीं, दुखलें कीं खाटेवर पडावें, हेंहि उत्तर नव्हे. नुसत्या विश्रांतीनें पट्टा बळावत नाहीं. अंतर कमी करावें, पोटऱ्या व तळवा ताणावे, पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहून टांचा सावकाश उचलाव्या व खालीं न्याव्या; या उपायांस महिने लागतात. अतिव्यायाम व अल्पव्यायाम दोन्ही शक्तीचा नाश करतात, असें अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत म्हटलें आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांतील उपदेशहि याच दिशेचा आहे.

पण मध्य कोठें आहे, हें कोणी सांगावें? येथें वेदनाच उपयोगीं पडते. या दुखण्याची एक खोड आहे. सकाळीं अंथरुणांतून उठून टाकलेलें पहिलें पाऊल फार दुखतें. चाललें-फिरलें कीं दुखणें ओसरतें. धांवतांनाहि तें पुष्कळदां लपतें, आणि मनुष्य समजतो, आपण जिंकलों. खरी साक्ष दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिळते. कर्म चालूं असतांना होणारें सुख किंवा दुःख त्या कर्माचा निर्णय करण्यास पुरत नाहीं, हें तत्त्व इतक्या स्पष्टपणें इतरत्र क्वचितच अनुभवास येईल. वेदना ही शत्रु नव्हे, आज्ञा देणारी स्वामिनीहि नव्हे. ती साक्षीदार आहे. तिची उलटतपासणी करावी, व निर्णय आपण द्यावा. गोळी घेऊन धांवणें म्हणजे साक्षीदाराला लांच देणें होय.

मनुष्य म्हणजे केवळ एक इच्छा नव्हे. निरनिराळ्या गतीनें शिकणाऱ्या अवयवांचें तें एक कुटुंब आहे. सर्वांत उशिरां शिकणाऱ्याकडे पाहून कर्त्या पुरुषानें पुढचें पाऊल टाकावें, यांत त्याची मानहानि नाहीं. आपल्या तळव्याचें मुकें दुःख ज्यास ऐकूं येऊं लागलें, त्यास आपला भार वाहणाऱ्या माणसांचेंहि कधीं तरी ऐकूं येईल, अशी आम्हांस आशा आहे.