तयारी कुणाची?

ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं तयार केलेली हायड्रोजन बस लोकांसमोर आली. उद्या अशी वाहनं पुणे-सोलापूर महामार्गावर मोहोळला इंधन भरायला थांबली, तर गावाला आधी काय सांगायचं? या वायूला वास नाही, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, हे शिकवायलाच हवं. पण पाण्यापासून १ किलो हायड्रोजन मिळवायला किमान ९ लिटर पाणी लागतं, हेही दुष्काळ पाहिलेल्या तालुक्याला कळायला हवं. ऊस याहून कितीतरी जास्त पाणी पितो, खरंय. पण ऊस लावायचं शेतकरी स्वतः ठरवतो. जागा, पाणी, प्रकल्प आधीच ठरवून मग प्रशिक्षण दिलं, तर आपण गावाची फक्त समजूत घालतोय. गावाला 'नको' म्हणता येत असेल, तरच त्याच्या 'हो'ला अर्थ आहे.