रचनाकाराचे ऋण

मसुऱ्यास ज्याने दशावतारी नाटकासाठी रात्र जागविली असेल, त्यास एक गोष्ट खचित जाणवली असेल. परंपरेने या नटांजवळ लिहिलेली संहिता नसते. आरंभी गणपती, ऋद्धिसिद्धी व सरस्वती, मग वेद पळविणारा संकासुर व त्यास मारणारा विष्णू, हा क्रम ठरलेला. पुढील आख्यानाचे कथासूत्रही ठरलेले. संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्या जागी रचावयाचे. सांगाडा एकच, नाटक दर रात्री नवे.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारेही असेच सांगाडे वापरतात. त्यांस ते 'फ्रेमवर्क' म्हणतात. एकाने सांगाडा रचावा, व त्याने कधी न पाहिलेल्या शेकडो जणांनी नेमून दिलेल्या जागी आपापला भाग त्यात भरावा. पण त्या जागा कोणत्या, हे नवख्यास समजावून लिहिणे हा रचनाकाराचा उपकार की त्याचे कर्तव्य?

कोणी म्हणतील, आज्ञावली उघडी आहे; ज्यास गरज त्याने वाचावी. आम्हांस हे पटत नाही. यंत्राने काय करावे हे आज्ञावलीत असते. तसेच का, अन्यथा का नाही, हे तिच्यात क्वचितच असते. १९९२ साली राल्फ जॉन्सन या अमेरिकी प्राध्यापकांनी चित्ररेखनाची साधने बनविण्याच्या 'हॉटड्रॉ' नामक सांगाड्याचे विवरण लिहिले. त्यांनी अंतर्रचनेपासून आरंभ केला नाही. सांगाडा कशासाठी आहे हे आधी सांगून, मग वापरणारास पडणारी एकेक अडचण व तिचा उपाय त्यांनी क्रमाने दिला. लेखणी त्यांची, पण दृष्टी नवख्याची.

दशावतारातील नवखा नट जुन्या नटाशेजारी उभा राहून शिकतो. तो अडखळला तर जुना नट पुढल्या वाक्यात त्यास सावरून घेतो. जेथे असा शेजार नाही, तेथे लेखनानेच ती जागा घेतली पाहिजे. रचनाकाराने आपले चार तास वाचविले, तर ते शेकडो अनोळखी माणसांस प्रत्येकी भरावे लागतात. ही बचत नव्हे. हे दुसऱ्यांच्या माथी मारलेले कर्ज होय.

हे लिहिताना आम्ही निर्दोष आहो असे नव्हे. वर्गात 'हे उघडच आहे' असे म्हणून आम्ही किती पायऱ्या गाळल्या असतील! उघड होते ते आम्हांस. मागल्या बाकावरील मुलगा मान खाली घालून गप्प बसे.

वेद पळविण्यास संकासुरच लागतो असे नाही. जे आपणांस ठाऊक आहे ते न सांगितल्यानेही ज्ञान समुद्राच्या तळाशी जाते.