बाकावर बसलेला खेळाडू

डिसेंबर १८९१ ची गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत एक वर्ग हाताबाहेर गेला होता. हिवाळ्यामुळे मैदाने बंद होती आणि व्यायामशाळेतील तीच ती कवायत करून अठरा तरुण विद्यार्थी कंटाळले होते. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. तिसरा शिक्षक जेम्स नायस्मिथ हा कॅनडाचा. माँट्रियलच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकून आलेला. त्याने व्यायामशाळेच्या सज्ज्याला दोन बाजूंना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि वर्गाचे दोन भाग केले : नऊ इकडे, नऊ तिकडे. बास्केटबॉलचा जन्म असा झाला. वाय.एम.सी.ए.च्या कार्यकर्त्यांबरोबर हा खेळ देशोदेशी गेला, भारतातही आला.

या जन्मकथेतील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. त्या पहिल्या सामन्यात बाकावर कोणीच बसलेले नव्हते. वर्गात अठरा होते आणि अठराही खेळले. पुढे १८९७ च्या सुमारास एका संघाचे पाच खेळाडू हा नियम स्थिर झाला आणि उरलेल्यांसाठी बाक आला.

त्या बाकावरून उठून जाणाऱ्या तरुणांविषयी आज लिहावयाचे आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांत आपल्याला मिळालेल्या भूमिकेवर असमाधानी असलेले खेळाडू आता मोठ्या संख्येने विद्यापीठच बदलतात. २०२५ च्या एकाच वसंतऋतूत पहिल्या श्रेणीच्या पुरुष बास्केटबॉलमधील दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी बदलासाठी नावे नोंदवली. पहिल्या श्रेणीत विद्यापीठे साडेतीनशेच्या वर. म्हणजे सरासरीने प्रत्येक संघातून पाचसहा तरुण निघाले. सगळेच भूमिकेपायी निघाले असे नाही. कोणी पैशासाठी, कोणी घराजवळ जावे म्हणून, कोणी प्रशिक्षक बदलला म्हणून. परंतु ज्यांच्याविषयी वडीलधारे सर्वांत अधिक नाराजीने बोलतात ते हेच : ज्यांना खेळावयास पुरेसे मिळाले नाही ते.

प्रथम साधे गणित पाहू. विद्यापीठाचा सामना चाळीस मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे प्रशिक्षकाजवळ वाटण्यासाठी दोनशे मिनिटे असतात. त्याहून एक मिनिटही अधिक नाही. पुरुषांच्या संघात अनेक वर्षे तेरा शिष्यवृत्त्या असत. या तेराही जणांची निवड तो आपल्या शाळेतील सर्वोत्तम खेळाडू होता म्हणून झालेली असते. दोनशे मिनिटे त्यांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधराच्या आसपास येतात आणि तसा संघ बहुधा हरतो. न्यायी प्रशिक्षकाच्या संघातही चारपाच जण बसून राहणारच. येथे कोणाचा अपराध नाही. हे ध्यानात घेतल्यावाचून केलेली नीतीची चर्चा व्यर्थ होय.

या सगळ्या वादात ‘रोल’ हा शब्द वारंवार येतो. माझा व्यवसाय अनुवादाचा असल्यामुळे अशा शब्दापाशी मी थोडा घुटमळतो. हा शब्द मूळ फ्रेंच. नटाचे संवाद ज्या गुंडाळीवर लिहून देत त्या कागदावरून तो आला. त्या काळी नटाच्या हाती संपूर्ण नाटक देत नसत. त्याची वाक्ये आणि ती कधी उच्चारावयाची याची खूण, एवढेच असे. मराठीत आपण ‘भूमिका’ म्हणतो. आपल्या या शब्दाला दोन अर्थ आहेत. नटाची भूमिका असते, तशी एखाद्या प्रश्नावर माणसाची भूमिका असते. एक दुसऱ्याने दिलेली, दुसरी स्वतः घेतलेली. बाकावर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाची व्यथा या दोन अर्थांमधल्या फटीत आहे असे मला वाटते. दिलेली भूमिका त्याच्या हाती आहे; घेण्याची भूमिका त्याला अजून सापडलेली नाही.

आता नियमांकडे वळू, कारण नियम बदलले तसा प्रश्नही बदलला. पूर्वी बास्केटबॉलच्या खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला नव्या ठिकाणी सर्वसाधारणपणे एक संपूर्ण वर्ष सामन्यांपासून दूर राहावे लागे. कारण असे सांगत की, विद्यार्थ्याला अभ्यासात स्थिरावण्यास अवधी मिळावा. कारण चांगले होते. पण ते प्रशिक्षकाला लागू नव्हते. प्रशिक्षक सोमवारी एका संघाचा निरोप घेऊन मंगळवारी दुसऱ्या संघाचा होऊ शके, आणि ज्याच्या शब्दावर विसंबून मुलगा आठशे मैलांवर आला तो मुलगा मात्र मागे राही. ऑक्टोबर २०१८ मध्ये एन.सी.ए.ए. या नियामक संस्थेने ‘ट्रान्सफर पोर्टल’ नावाची संगणकीय नोंदवही सुरू केली. विद्यार्थ्याने सांगितले की विद्यापीठाने त्याचे नाव तीत नोंदवावयाचे. मग इतर प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा बदल करण्याची मुभा वर्ष न गमावता मिळाली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यासाच्या अटी पूर्ण असल्यास कितीही वेळा बदल करण्याचा मार्ग खुला झाला. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले.

यावर जुन्या पिढीचे म्हणणे असे की निष्ठा संपली, धीर संपला, कष्टाने जागा मिळवण्याची वृत्ती गेली. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो. जेव्हा जाणाऱ्याला एक वर्षाचा दंड होता तेव्हा जे राहिले ते सर्व निष्ठावान होते काय? दाराला कुलूप असताना घरात बसलेल्याला आपण गृहप्रेमी म्हणत नाही. दार उघडले तेव्हाच राहणे हा निर्णय झाला. त्यापूर्वी ती केवळ परिस्थिती होती. म्हणून ज्यांना निष्ठेचा कळवळा आहे त्यांनी नव्या नियमांचे दुःख करण्यापूर्वी हे पाहावे की निष्ठा म्हणून ओळखता येईल असे काही आता प्रथमच दिसू लागले आहे. थोडे आहे खरे.

अशा प्रसंगी आपल्या मंडळ्यांत हमखास पुढे केला जाणारा उतारा म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय. शरीर एक, अवयव अनेक. पायाने आपण हात नाही म्हणून रुसू नये. अमेरिकेतही ख्रिस्ती प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना हेच सांगतात. पण हा उतारा सांगणारे बहुधा डोळे किंवा मस्तक असतात, आणि ऐकणारे पाय. पौलाने त्याच अध्यायात डोळ्यालाही बजावले आहे की त्याने हाताला तुझी गरज नाही असे म्हणू नये; आणि ज्या अवयवांना कमी मान आहे त्यांना अधिक मान देण्याविषयी तो सविस्तर लिहितो. हा बोजा सबळांवर आहे. संघाच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या प्रशिक्षकाला बाराव्या खेळाडूशी महिनोन्महिने चार वाक्ये बोलण्यास सवड होत नाही, त्याने त्या मुलाच्या निष्ठेविषयी बोलू नये.

येथे मला एक भेद करावासा वाटतो. असमाधान दोन प्रकारचे असते. एक, दिलेले वचन मोडल्याचे. दुसरे, मनात धरलेली अपेक्षा पुरी न झाल्याचे. भरतीच्या दिवसांत प्रशिक्षक मुलाच्या घरी जातो, आईवडिलांसमोर बसतो. तेथे ‘तू पहिल्याच वर्षी खेळशील’ असे तो म्हणाला असेल आणि नंतर त्याच जागेसाठी आणखी दोघांना आणले असेल, तर ते असमाधान न्याय्य आहे आणि त्या मुलाला कृतघ्न म्हणणे हा दुहेरी अन्याय आहे. पण प्रशिक्षकाने ‘जागा मिळवावी लागेल’ एवढेच सांगितले आणि मुलाने त्याचा अर्थ ‘मिळेलच’ असा केला, तर गोष्ट निराळी. अडचण ही की, दोन्ही मुले तेच शब्द बोलतात आणि त्याच नोंदवहीत नाव घालतात. बाहेरून फरक दिसत नाही. तो त्या घरात उच्चारलेल्या शब्दांत आहे आणि म्हणून शब्द देणाऱ्याची जबाबदारी मला घेणाऱ्यापेक्षा मोठी वाटते. मिनिटे ही वचन देण्याची वस्तूच नव्हे.

वॉकर केसलर हा सात फूट उंचीचा तरुण २०२०-२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. त्याच्यापुढे अनुभवी उंच खेळाडू होते आणि त्याला सामन्यामागे सरासरी नऊ मिनिटेही मिळाली नाहीत. तो ऑबर्न विद्यापीठात गेला. पुढच्याच वर्षी बचावातील देशाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. योगायोग असा की तो पुरस्कार नायस्मिथच्याच नावाचा आहे. लोक म्हणतात, पाहा, त्याचे जाणे योग्य ठरले. या ‘ठरले’ शब्दाला माझा आक्षेप आहे. ऑबर्नला पोहोचताच त्याचा गुडघा दुखावला असता तर तोच निर्णय अयोग्य ठरला असता काय? निर्णयाची नीती निर्णयाच्या क्षणी, त्या क्षणी असलेल्या ज्ञानावर आणि हेतूवर पारखावी लागते. निकालावरून नीती मोजणे सोपे असते, म्हणूनच ते इतके होते. आणि त्याच नोंदवहीत नाव घालून कोठूनही बोलावणे न आलेले तरुण दरवर्षी असतात. नाव नोंदवल्यानंतर जुन्या विद्यापीठावर पुढील सत्राची शिष्यवृत्ती देण्याचे बंधन राहत नाही. त्यांच्या गोष्टी कोणी छापत नाही.

याच्या उलट पर्ड्यू विद्यापीठाचा ट्रेव्हियन विल्यम्स. २०२१ मध्ये तो बिग टेन या बलाढ्य विभागाच्या पहिल्या मानाच्या संघात निवडला गेला होता. पुढच्या वर्षी, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असताना, त्याच जागेवर सात फूट चार इंच उंचीचा झॅक एडी हा दुसऱ्या वर्षाचा तरुण सामने सुरू करू लागला आणि विल्यम्स बहुतेक वेळा बाकावरून येऊ लागला. तो गेला नाही. त्या वर्षी त्याला विभागातील सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान मिळाला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव कोणीही पुकारले नाही. त्याने राहून काय मिळवले, हा प्रश्न विचारता येतो. पण मग केसलरच्या बाबतीत ज्या मोजपट्टीला आपण नाकारले तीच येथे हाती घेतल्यासारखे होईल.

पौलाच्या त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात एक वाक्य आहे, ज्यापाशी अनुवादकांच्या पिढ्या अडखळल्या आहेत. ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहावे असे सांगत असताना तो दासांकडे वळतो आणि म्हणतो की स्वतंत्र होणे शक्य असेल तर... आणि पुढे ग्रीकमध्ये दोनच शब्द आहेत, ज्यांचा आशय ‘उलट उपयोग करून घे’ असा होतो. कशाचा उपयोग? कर्म नाही. बहुतेक आधुनिक अनुवादक ‘स्वातंत्र्याचा’ असे घालतात. योहान ख्रिसोस्तोमाने नेमके उलटे, दास्याचा, असे मानले. शिष्यवृत्तीची तुलना गुलामगिरीशी करण्याचा माझा हेतू नाही. तसे करणे खऱ्या दासांचा अपमान होईल. परंतु वाक्याचे कर्म वगळले गेले असले तरी क्रियापद शिल्लक आहे. ‘उपयोग करून घे’ हे बाकालाही लागू पडते आणि दारालाही. अनुवाद करताना मला एक बाजू घ्यावी लागते, आणि मी स्वातंत्र्याची घेतो. तरी वाचताना ती रिकामी जागा मला दिसतच राहते.

जाण्याची किंमत मात्र केवळ जाणारा देत नाही. २५ मार्च २०२२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स या लहानशा जेझुइट विद्यापीठाच्या संघाने याच पर्ड्यूला ६७–६४ असे हरवले. पंधराव्या मानांकनाचा संघ अंतिम आठांत जाण्याची ती पहिलीच वेळ. संघाचे नाव ‘मोर’. काही दिवसांतच त्यांचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे दुसऱ्या विद्यापीठात गेले, आणि मागोमाग त्या संघातील बहुतेक प्रमुख खेळाडू निरनिराळ्या दिशांना पांगले. प्रत्येकाजवळ कारण होते, आणि एकेकाचे कारण घेऊन बसले तर मी कोणालाही दोष देऊ शकणार नाही. तरीही जे काही त्यांनी मिळून उभे केले होते ते कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते मोडू नये असे म्हणण्याचा अधिकारही कोणा एकाला नव्हता. सामायिक वस्तूंचे असेच होते. अभ्यासाचेही तेच : तीन विद्यापीठे फिरलेल्या विद्यार्थ्याचे सर्वच श्रेयांक नव्या ठिकाणी मान्य होतात असे नाही, आणि या तरुणांना अजून ‘विद्यार्थी’ म्हणतात हे आपण विसरता कामा नये.

फिलाडेल्फियात हरलेला एडी पर्ड्यूमध्येच राहिला. पहिल्या वर्षी त्याला सामन्यामागे पंधरा मिनिटेही मिळत नव्हती. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. ८ एप्रिल २०२४ रोजी ॲरिझोनात अंतिम सामना झाला. एडीने ३७ गुण केले आणि पर्ड्यू ७५–६० असे हरले. जिंकलेल्या कनेक्टिकट संघाचा ट्रिस्टन न्यूटन त्या अंतिम फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडला गेला. तो दोन वर्षांपूर्वी ईस्ट कॅरोलायना विद्यापीठ सोडून तेथे आला होता.