शेजारची किल्ली

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीचे आमचे घर वर्षातले दहा महिने बंद असते. किल्ली शेजारच्या वहिनींपाशी. तिची पावती नाही की करार नाही. मुंबईहून आम्ही केव्हाही येऊन उतरलो, की वहिनी चेहरा पाहतात आणि किल्ली हातावर ठेवतात.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे मी बंब पेटवीत होतो. दमट लाकडे काही केल्या धरीनात. कोनाड्यात एक जुनी वही दिसली. तिची पाने फाडून आत सारली. त्यांतल्या एका पानावर पुतण्याने बारा इंग्रजी शब्द लिहून ठेवले होते. ते शब्द म्हणजे त्याच्या बिटकॉइनच्या खात्याची किल्ली! ज्या फोनवर ते खाते उघडे, तो आदल्याच दिवशी समुद्राच्या पाण्यात गेला होता. दोन वर्षांची त्याची शिल्लक त्या खात्यात होती. राखेतून निघालेल्या अर्धवट पानावर चारच शब्द उरले होते.

"अरे, मग अर्ज कर. ओळखपत्र दाखव," मी म्हणालो.

"कुणाला, काका? तिथे मॅनेजरच नाही."

मग त्याने मला समजावून दिले. २००९ साली सुरू झालेली ही खातेवही जगभरच्या हजारो यंत्रांवर एकाच वेळी ठेवली जाते. कुणा एकाला तिच्यातली नोंद खोडता येत नाही. किल्ली ज्याच्याकडे तो धनी. दुसरी ओळख ती मानीत नाही. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरीव यादीतले असतात. एक विसरला, तर २०४८ वेळा खटपट करून यंत्र तो शोधील. दोन विसरले, तर सुमारे ४२ लाख वेळा. आठ गेल्यावर मात्र हात जोडायचे! वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची अशीच किल्ली असलेली चकती २०१३ साली कचऱ्यात गेली. कचरा उपसू द्यावा म्हणून ते न्यायालयात गेले. २०२५ च्या जानेवारीत त्यांचा दावा फेटाळला गेला.

माणसावर विसंबावे लागू नये म्हणून ही व्यवस्था निघाली. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कारकून लाच खातो, पेढी बुडते, सख्खा भाऊ खोटी सही करतो. ती वही यांतले काहीच करीत नाही. पण जिला फितवता येत नाही, तिला विनवताही येत नाही. वहिनींनी मनात आणले तर त्या आमचे घर धुऊन नेतील. तो धोका आम्ही पत्करला आहे, म्हणूनच आमच्या हातून काही हरवले तरी दार उघडते. ज्याला कुणावरच विसंबायचे नाही, त्याने चूकही करता कामा नये. आणि कधीच न चुकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आरशात तर नाहीच नाही.

पुतण्या मला एका शब्दानेही बोलला नाही. त्या दोन दिवसांत मला फराळ गोड लागला नाही. पाडव्याच्या पहाटे बंब त्यानेच पेटवला. हातात रद्दीचा एक कागद धरून त्याने आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली,

"काका, हा जाळू ना?"