गाणे कोणाचे, प्रार्थना कोणाची?



दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या दारावरून जाते. वरवंडचा मुक्काम आटोपून ती पाटसला येते आणि इथून सोलापूर रस्ता सोडून रोटी घाटाने बारामतीकडे वळते. त्या दिवशी टाळमृदंगाचा आवाज आपल्या घराघरात शिरतो. आपल्यापैकी कितीतरी जण पाण्याचे पिंप आणि चहा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. वारकऱ्याच्या हातात पेला देताना अभंगाची ओळ आपल्या ओठांवर कधी आली, हे कळतही नाही. शाळेत, रेडिओवर, शेजारच्या ओट्यावर ऐकलेली ती गाणी आपल्याला चर्चमधल्या गीतांइतकीच पाठ आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ वारले. आयुष्यभर ते रविवारची मिस्सा न चुकवणारे होते आणि पालखीच्या दिवशी पाणी वाटायलाही तेच सर्वांच्या पुढे असत. मी गायकवृंदात पेटी वाजवतो. अंत्यविधीच्या मिस्साआधी त्यांची पत्नी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, ह्यांना तुकोबांचा एक अभंग फार आवडायचा. शेवटी-शेवटी तोच ऐकत पडायचे. मिस्सात म्हणाल का?" मी फादरांना विचारलेसुद्धा नाही. "नाही मावशी, चर्चमध्ये तसं चालत नाही," एवढे बोलून मोकळा झालो. तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. नेहमीची गीते झाली. दफनभूमीतून परतताना त्यांच्या नातवाने मला विचारले, "काका, त्या अभंगात वाईट काय होतं?" मला उत्तर देता आले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

गाण्याचा अर्थ नक्की कुठे असतो? रचणाऱ्याच्या मनात, शब्दांत, की गाणाऱ्याच्या अंतःकरणात?

प्रथम रचणाऱ्याचा विचार करू. अर्थ केवळ त्याच्याच मनात असतो असे मानले, तर संत पौलाचे काय? अथेन्सच्या अरीयपगावर बोलताना त्याने ग्रीक कवींचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये 17:28). माणसे देवाची लेकरे आहेत, हा विचार त्याने ज्या काव्यातून उचलला ते अरातस नावाच्या कवीने ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात लिहिले होते आणि त्यात गौरव होता झ्यूस या ग्रीक देवाचा. पौलाला हे ठाऊक होते. तरीही त्याने ते शब्द टाकून दिले नाहीत, कारण त्यांत त्याला सत्याचा अंश दिसला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हे तुमच्या कवींचे म्हणणे आहे, असे त्याने उघडपणे सांगितले आणि आपण कोणत्या देवाविषयी बोलतो आहोत हेही स्पष्ट केले. त्याने उसने घेतले, पण लपवून नाही.

आपल्या बायबलमधील गीतरत्न हा ग्रंथ पाहा. वरवर पाहता ती दोन प्रेमिकांची गाणी आहेत. तरीही यहुदी परंपरेने त्यांत देव आणि इस्राएल यांचे प्रेम पाहिले, तर ख्रिस्तसभेने ख्रिस्त आणि त्याची वधू असलेली ख्रिस्तसभा यांचे. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने या लहानशा ग्रंथावर 86 प्रवचने लिहिली. 1153 मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा तो जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी पोहोचला होता. भक्तांच्या पिढ्या शब्दांत नवा अर्थ भरतात आणि तो अर्थ खोटा नसतो.

मग सगळा अर्थ गाणाऱ्याच्या अंतःकरणातच आहे का? शब्द कोणतेही असोत, भाव शुद्ध असला म्हणजे झाले? हेही पुरते खरे नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात कबूल करतो की, कधी कधी जे गायले जाते त्यापेक्षा गाण्याचा गोडवाच त्याला अधिक हलवतो आणि तसे झाले की त्याला अपराधी वाटते. संत पौलही सांगतो की, आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे (1 करिंथ 14:15). स्तोत्र 137 हे बाबेलच्या बंदिवानांचे रडगाणे आपण जाणतो. त्याच्या शेवटी शत्रूच्या मुलाबाळांविषयी भयंकर सूडाचे उद्गार आहेत. स्तोत्र पवित्र शास्त्रातले आहे आणि ते तिथे तसेच राहते. पण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर सुधारलेल्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथात त्या शेवटच्या ओळी सामुदायिक प्रार्थनेसाठी ठेवलेल्या नाहीत. शब्दांना वजन असते आणि सर्वांच्या तोंडी शब्द घालताना ते तोलावे लागते, हे ख्रिस्तसभा जाणते.

आपल्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण जुन्या धर्मकल्पनांचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. साध्या खेडवळ बाईला समजेल आणि तिची गफलत होणार नाही, अशी भाषा त्यांना हवी होती.

त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नेमकी उलटी वाट धरली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी अभंग आणि ओवी हे आपल्या मातीचे छंद घेऊन ख्रिस्तभक्तीची भजने रचली. त्यांच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंचे क्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्दही येतो.

एकीने शब्द गाळून घेतले, दुसऱ्यांनी शब्दांना नवे पाणी पाजले. चूक कोण? मला वाटते, कोणीच नाही. रमाबाईंना सत्याची काळजी होती, टिळकांना आणि स्टीफन्सना आपलेपणाची. गाण्याला दोन्ही लागतात.

आता उलट बाजूने पाहू. हेन्री लाइट या इंग्लिश धर्मगुरूने 1847 मध्ये, आपले मरण समोर दिसत असताना, संध्याकाळ झाली तरी प्रभूने आपल्यासोबत राहावे अशी विनवणी करणारे गीत लिहिले. ते 'अबाइड विथ मी' गांधीजींना अतिशय प्रिय होते. दिल्लीत 29 जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात सैन्याचे बँड अनेक दशके त्याची चाल वाजवत. 2022 मध्ये ते वगळले गेले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना वाईट वाटले. ते ऐकणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते. तिथे शब्दही नव्हते, फक्त चाल होती. तरीही मावळत्या उजेडात कोणीतरी सोबत असावे, ही माणसाची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचत होती. तुमचा विश्वास वेगळा, मग आमचे गीत का ऐकता, असे आपण त्यांना कधी म्हटले नाही. उलट आपल्याला अभिमानच वाटला. मग हाच न्याय आपण त्या मावशीला का लावू नये?

तर त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. बाळा, त्या अभंगात वाईट काहीही नव्हते. परंतु मिस्सा ही तुझ्या आजोबांची एकट्याची किंवा आपल्या घराची प्रार्थना नसते, ती साऱ्या ख्रिस्तसभेची असते. तिथे जे गायले जाते त्यावर प्रत्येकाला 'आमेन' म्हणता आले पाहिजे. म्हणूनच 1963 मध्ये महासभेने सांगितले की, उपासनेतील गीतांचे शब्द आपल्या विश्वासाशी जुळणारे आणि मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनाविधीतून घेतलेले असावेत. त्याच दस्तऐवजात लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही म्हटले आहे. तेव्हा अभंगाची चाल, टाळ, मृदंग यांना आपले दार उघडे आहे. तुकोबांचे शब्द मात्र विठ्ठलाला उद्देशून आहेत. ते खरे तर ख्रिस्तालाच म्हटले आहेत, असे भासवून गाणे हा तुकोबांवर अन्याय होईल आणि देवापुढे अप्रामाणिकपणा.

पण घरी, संध्याकाळच्या रोझरीनंतर, ज्या गाण्याने तुझ्या आजोबांना शेवटच्या रात्री धीर दिला ते ऐकून आपण डोळे पुसले असते, तर त्यात काय बिघडले असते? तुकोबांचे ते तुकोबांचेच राहिले असते आणि आपल्याला सोबत झाली असती. हे मला त्या दिवशी सुचायला हवे होते. मिस्सातील गाण्याला नकार देणे कदाचित बरोबर असेल, पण दुःखात असलेल्या बाईला "चालत नाही" म्हणून परत पाठवणे बरोबर नव्हते. 'चालत नाही' हे काही उत्तर नव्हे. ते प्रश्न टाळणे आहे.

आणखी एक. अभंगाचे शब्द मी एवढे पारखले, पण माझ्या स्वतःच्या गीतांचे काय? सर्वस्व प्रभूला वाहिल्याचे आपण दर रविवारी गातो आणि चर्चच्या फाटकाबाहेर बांधाच्या हातभर जमिनीवरून भावाशी बोलणे टाकतो. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देवाने आपल्या लोकांना बजावले की, तुमच्या गाण्यांचा गलबला मला नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या (आमोस 5:23-24). त्या गाण्यांचे शब्द चुकीचे होते, असे तिथे म्हटलेले नाही. चुकीचे होते ते गाणाऱ्यांचे जगणे.

तेव्हा गायकवृंदातील मुलामुलींना माझी विनंती आहे. शनिवारच्या सरावात पेटी उघडण्यापूर्वी गीताचे शब्द एकदा शांतपणे वाचा. हे आपण कोणाला म्हणतो आहोत, हे खरे आहे का आणि सोमवारी सकाळी शेतात, कारखान्यात, शाळेत आपण हे म्हणू शकू का, एवढे स्वतःला विचारा. आणि पुढच्या वारीत पालखी पाटसवरून जाईल, तेव्हा पाण्याचा पेला पुढे करताना अभंग कानी पडला तर मोकळ्या मनाने ऐका. मी यंदा त्या मावशीला सोबत घेऊन उभा राहणार आहे.

प्रभू आपले ओठ, आपले अंतःकरण आणि आपले हात एकाच सुरात जुळवो, हीच प्रार्थना.