दिवा आणि केरसुणी

शास्त्रपाठ : लूक १५ : ८-१०



जिचें एक नाणें हरवलें होतें त्या स्त्रीचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिनें दिवा लाविला, हें आपण लक्षांत ठेवितों. परंतु दिवा लावून ती स्वस्थ बसली नाहीं, तिनें घर झाडिलें, हें आपण बहुधा विसरतों. दिव्यानें केर दिसतो. तो निघतो मात्र केरसुणीनें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या चरित्राविषयींहि असेंच झालें आहे. त्यांचा दिवा जगाच्या स्मरणांत राहिला; त्यांची केरसुणी थोड्यांसच ठाऊक आहे.

ह्या बाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं, एका सधन इंग्रज कुटुंबांत, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. सन १८३७ त, सोळा वर्षांच्या असतांना, देवानें आपणांस सेवेस बोलाविलें आहे अशी त्यांची खात्री झाली. त्या काळीं रोग्यांची शुश्रूषा हें कुलीन स्त्रियांस न शोभणारें काम समजत. घरच्या मंडळींनीं पुष्कळ वर्षें विरोध केला. परंतु बाई ढळल्या नाहींत. सन १८५१ त त्यांनीं जर्मनींतील कैसरवेर्थ येथील ख्रिस्ती सेविकांच्या आश्रमांत राहून शिक्षण घेतलें.

पुढें क्रिमियाचें युद्ध सुरू झालें. सन १८५४ च्या नोव्हेंबरांत ३८ स्त्रियांस बरोबर घेऊन बाई तुर्कस्तानांतील स्कूटारी येथील लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. तेथें घायाळ शिपाई जमिनीवर पडलेले, अंगावर धड वस्त्र नाहीं, अशी दशा होती. बाईंनीं स्वयंपाक, धुणें, पट्ट्या, अंथरुणें ह्या सर्वांची व्यवस्था लाविली. रात्रीं हातांत कंदील घेऊन त्या खाटाखाटांमधून फिरत, आणि त्यांस पाहून शिपायांस धीर येई.

परंतु, बंधुभगिनींनो, तो दिवा फिरत असतांनाच मरण वाढत होतें. सन १८५५ च्या फेब्रुवारींत दर शेकडा सुमारें ४२ रोगी दगावले. इमारतीखालचीं गटारें तुंबलीं होतीं. हवा व पाणी दोन्ही नासलीं होतीं. मार्चांत सरकारनें पाठविलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें धुऊन काढविलीं, कुजलेलीं जनावरें उचलविलीं, भिंतींस चुना देवविला. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेकडा सुमारें २ वर आलें.

युद्धानंतर बाई स्वदेशीं परतल्या, तेव्हां जिकडे तिकडे त्यांची स्तुति चालली होती. अन्नवस्त्राचा तुटवडा आणि अति श्रम ह्यांनींच शिपाई मेले, अशी प्रथम त्यांची समजूत होती. सन १८५७ त विल्यम फार ह्या आंकडेशास्त्रज्ञांच्या साहाय्यानें त्यांनीं मृत्यूंचा हिशेब तपासला, आणि घाणीनेंच फार मोठा घात केला होता हें त्यांस उमगलें. ज्या घरांत त्या सेवा करीत होत्या तेंच मरणाचें घर होतें! हें सत्य झांकून ठेविलें असतें, तर त्यांच्या कीर्तीस कांहीं बाध येता ना. परंतु त्यांनीं तें झांकलें नाहीं. सन १८५८ त आंकडे व रंगीत आकृत्या छापून त्यांनीं त्या अधिकाऱ्यांपुढें ठेविल्या. सृष्टींतील नियम हे देवाचेच नियम आहेत, आणि ते शोधून पाळणें हीच त्याची सेवा, असा त्यांचा विश्वास होता.

हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. तरी येथील छावण्यांच्या पाण्याची व गटारांची माहिती मागवून त्यांनीं ती बारकाईनें तपासली. ह्या देशांतील गोऱ्या पलटणींत पूर्वीं दर हजारीं ६९ मृत्यु होत. ते १८ वर आले, असें त्यांनीं सन १८७३ त सांगितलें. पुढें येथील खेड्यापाड्यांच्या आरोग्याकडेहि त्यांनीं लक्ष घातलें.

आतां आपण आपल्याकडे पाहूं. कोणाचें लेंकरूं हगवणीनें गेलें, म्हणजे आम्ही त्यास मूठमाती द्यावयास जातों, ‘देवाची इच्छा’ असें म्हणून त्याच्या आईचें सांत्वन करितों, आणि ज्या विहिरीच्या कांठीं गुरें धुतात तिच्यावरूनच घरीं परततों. त्या विहिरीविषयीं आम्ही चकार शब्द काढीत नाहीं. आमच्या आळसास आम्हीं देवाची इच्छा हें नांव दिलें आहे. सांत्वन करणें हा दिवा आहे, आणि तो हवाच. परंतु हरवलेलें नाणें हातीं लागावें म्हणून घरहि झाडावें लागतें, आणि आधीं आपलेंच.

ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं बाई देवाघरीं गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन करण्याचा मान देऊं केला असतां त्यांच्या आप्तांनीं तो नाकारिला. ईस्ट वेलो गांवच्या देवळाच्या आवारांत त्यांची कबर आहे. तिच्यावर नांवाचीं दोन आद्याक्षरें आणि जन्ममरणाच्या तारखा, इतकेंच कोरलें आहे.

आपली चूक पाहण्याचें धैर्य आणि ती झाडून काढण्याची शक्ति प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.