नाही म्हणण्याची सोय

नेदरलँड्समधल्या डिरेन गावी नाथन आणि बेंजामिन कात्झ या ज्यू भावांची चित्रांची पेढी होती. जर्मन ताब्याच्या काळात तिथून नाझी नेता गोअरिंगकडे आणि हिटलरच्या लिंझमधल्या नियोजित संग्रहालयासाठी बरीच चित्रं गेली. पुढे वारसांनी डच सरकारकडे १८९ चित्रं परत मागितली. २०१२मध्ये डच परतावा समितीने त्यांतलं एकच देण्याची शिफारस केली. त्यावरून निवृत्त न्यायाधीश मावशी आणि इतिहास शिकवणारा भाचा यांची जुंपली.

भाचा : १८९पैकी एक! याला न्याय म्हणायचं?

मावशी : निकष बघ. १० मे १९४०ला जर्मन घुसले. त्यानंतर ज्यू घरातून चित्र विकलं गेलं, तर ती विक्री सक्तीची धरतात. व्यापाऱ्याचं तसं नाही. विकणं हाच त्याचा धंदा. तिथे सक्तीची खूण दिसावी लागते.

भाचा : अगं, पण गिऱ्हाईक कोण? ऑक्टोबर १९४०मध्ये ज्यूंच्या धंद्यांची नोंदणी सक्तीची झाली, मार्च १९४१पासून त्यांवर प्रशासक नेमता येऊ लागले. अशा गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याची सोय होती?

मावशी : धाक होताच. पण पैसेही मिळाले. पैसे वारसांचे आणि चित्रंही वारसांचीच, हे कसं? लाखाहून अधिक डच ज्यू मारले गेले. त्यांतल्या बहुतेकांपाशी विकण्याजोगं चित्र नव्हतं.

भाचा : म्हणूनच सांगतोय. १९४२मध्ये कात्झांनी रेम्ब्रांटचं एक व्यक्तिचित्र दिलं, तेव्हा घरच्या २५ जणांना स्पेनला जाऊ दिलं. ही विक्री?

मावशी : छे, ती खंडणी.

भाचा : आणि आधीच्या विक्री? हा माणूस कामाचा आहे, हे जर्मनांना त्यांतूनच कळलं ना?

मावशी : समितीपुढे एकेक चित्र येतं, बाबा.

भाचा : धाक चित्रावर नव्हता, माणसावर होता.

मावशी : मान्य. तरी पेच उरतोच. सगळंच सक्तीचं ठरवलं, तर कात्झ नुसते बळी उरतात; घासाघीस करून २५ जीव सोडवणारे धूर्त व्यापारी पुसले जातात. ती हुशारी मोजली, की दावा ढिला पडतो.

भाचा : कोंडलेला माणूसही हुशार असू शकतो की.

मावशी : म्हणून मी भाव रास्त होता का, हे नंतर विचारलं असतं. आधी विचारलं असतं, नकार दिला असता तर पुढे काय झालं असतं? उत्तर सापडलं नाही, तर संशयाचा फायदा चित्रं बाळगणाऱ्या सरकारला दिला नसता.

भाचा : म्हणजे चित्रं परत!

मावशी : हो. पण विक्रीचे जे पैसे पेढीला खरोखर वापरता आले, तेही वारसांनी परत करायचे. आता म्हण, हा न्याय आवडला.